पहिला मासा समोरच्या काठाला

दसऱ्याच्या मागेपुढे कधीतरी गावाहून आबांचा फोन येतो. आबा म्हणजे माझे वडील. फोनवर बोलण्याचा त्यांना मनस्वी कंटाळा. तब्येत कशी आहे विचारलं तर 'हाये' म्हणतात, जेवलात का विचारलं तरी 'हाये'च म्हणतात. पण हा फोन ते आपणहून करतात आणि एकच वाक्य बोलतात, "नखं दिसली." मी काही विचारायच्या आत फोन बंद झालेला असतो. मग मी शाळेत रजेचा अर्ज टाकते, नवऱ्याला सांगते आणि येत्या रविवारी आम्ही जळगावहून निघून असोद्याच्या पुढे, तापीकाठच्या आमच्या गावाला जातो.

नखं म्हणजे पायाची. पावसाळाभर तापी घट्ट चहाच्या रंगाची असते. वरच्या धरणाचे दरवाजे कधी उघडतात, कधी मिटतात, नदी फुगते, ओसरते, पण पाण्याच्या आत काय आहे ते काही कळू देत नाही. मग आश्विन लागतो. गाळ खाली बसायला लागतो. आबा रोज सकाळी धोतर वर खोचून गुडघाभर पाण्यात उभे राहतात आणि खाली बघतात. ज्या दिवशी पायाची नखं दिसतील त्या दिवशी हंगाम सुरू. त्याच्या आधी गळ टाकायचा नाही, मग नदीत मासे नाचत का असेनात. पावसाळ्यात मासळी पोटुशी असते, तिच्या वाटेला जाऊ नये, असं ते म्हणतात. हे त्यांना कुणी सांगितलं ते त्यांनाही ठाऊक नाही, पण त्यात बदल झालेला मी कधी पाहिला नाही.

मला हे दिवस आवडतात. उन्हाला अजून थोडी धार असते, पण सकाळी काठावरची रेती पायाला गार लागते. उत्तरेला सातपुडा एरवी धुळीत असतो, तो या दिवसांत इतका स्वच्छ दिसतो की यावलच्या मागे उभा आहे असंच वाटावं. केळीच्या बागांतून ओला, जरासा आंबूस वास येतो. कपाशीची बोंडं नुकती उकलायला लागलेली असतात आणि वेचणीला निघालेल्या बाया रस्त्याच्या कडेनं मोठमोठ्यानं बोलत जातात. माझ्या लहानपणी याच दिवसांत सहामाही परीक्षा असायची. मी वही मांडीवर घेऊन काठावर बसायची, अभ्यास काही व्हायचा नाही, पण आईला सांगायला वही मांडीवर असायची.

आईचं एक वेगळंच. ती मासा खात नाही. तिच्या माहेरी सगळे माळकरी, त्यामुळे मासळी तिच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू शकत नाही. घरामागे निंबाखाली तीन दगडांची एक चूल आहे, मासळीचं पातेलं वेगळं आहे, पळी वेगळी आहे आणि तिथे आबा स्वतः रांधतात. आई मागच्या दारात पदर नाकाला लावून उभी राहते आणि तिथून, न चाखता, "मीठ कमी पडलं" असं सांगते. तिचं कधी चुकत नाही. कळण्याच्या, म्हणजे उडीद घालून दळलेल्या ज्वारीच्या, भाकरी मात्र ती आतून करून देते, कारण भाकरीला विटाळ नाही असा तिनेच काढलेला निवाडा आहे.

आता समोरच्या काठाबद्दल सांगायला हवं. आमच्या गावाजवळ नदी वळण घेते आणि त्या वळणावर पात्र थोडं अरुंद होतं. अलीकडच्या काठावर आबा बसतात, पलीकडच्या काठावर, यावल तालुक्यात, सुपडूनाना बसतात. दोघं एका वयाचे, दोघांच्या केळीच्या बागा, दोघांना एकच खोड. आबांचं नाव लोटू. लोटू आणि सुपडू अशा हाका नदीवरून इकडून तिकडे जाताना ऐकतच मी वाढले. वारा बरा असला तर बोलणं ऐकू जातं, नसला तर गमछा. गमछा हवेत फिरवला म्हणजे मासा लागला. डोक्यावर बांधून उभं राहिलं म्हणजे मी निघालो, तूही नीघ. एवढ्या दोन खुणांवर त्यांची सगळी मैत्री चालते. लग्नकार्यात भेटले की दोघं शेजारी बसतात आणि फारसं काहीच बोलत नाहीत. मध्ये नदी नसली की त्यांना सुचत नसावं.

आणि त्यांची एक रीत आहे. हंगामातला पहिला मासा स्वतःच्या चुलीवर चढवायचा नाही. आबांना लागला तर तो नानांचा, नानांना लागला तर तो आबांचा. केवढाही असो, पहिला मासा समोरच्या काठाला जायचा. पूर्वी पाणी उतरलं की नदीत पायवाट पडायची, कमरेइतक्या पाण्यातून मासा डोक्यावर घेऊन जाता यायचं. खाली बंधारा झाल्यापासून पाणी उतरत नाही. आता पुलावरून लांबचा वळसा घालून जावं लागतं. वळसा वाढला म्हणून रीत मात्र मोडली नाही. आबा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसतात आणि ज्या दिवशी जातात त्या दिवशी दाढी करतात.

बंधाऱ्यानं आणखी एक केलं. पाणी थांबलं, तसं पाण्याबरोबर आलेलंही थांबलं. पूर ओसरला की काठावर जे सापडतं त्यावरून वरच्या गावांमध्ये वर्षभर काय काय झालं ते ओळखता येईल. चपला सापडतात, आणि नेहमी एकेकच. दात घासायचे ब्रश, औषधाच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्यांच्या लांबच लांब माळा. गणपतीच्या मखराचा थर्मोकोलचा अर्धा खांब. निर्माल्याची गाठोडी बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, म्हणजे फुलं देवाची आणि पिशवी नदीची. ठिबकच्या काळ्या नळ्या तर इतक्या की अंधारात साप समजून माणूस उडी मारेल. एकदा प्लास्टिकची तीन पायांची खुर्ची आली. आबांनी चौथ्या पायाच्या जागी दगड लावला आणि तेव्हापासून ते त्या खुर्चीवरच बसतात. मोठ्या कौतुकानं सांगतात की मले नदीनं खुर्ची देली. गळाला जे तरंगतं बूच लागतं तेही ते वाहून आलेल्या स्लीपरमधून कापून काढतात. त्यामुळे आबा तासन्‌तास टक लावून बघत असतात ते कुणाच्या तरी निळ्या चपलेच्या टाचेकडे.

पण सगळ्यात जास्त काय येत असेल तर केळीच्या पिशव्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाग निसवली, म्हणजे केळफूल बाहेर पडून घड धरला, की घडाला पातळ निळी पिशवी घालतात. ऊन, थंडी, किडे, पानांचा मार यापासून केळ्यांची साल जपायला. वरच्या तोंडाशी सुतळीनं बांधतात. घड कापला की पिशवीचं काम संपलं. आमच्या भागात बागा किती आहेत ते पाहिलं की पिशव्या किती असतील त्याचा अंदाज येईल.

ज्या हंगामाबद्दल मी सांगतेय त्या वर्षी या पिशव्यांनी कहर केला होता. बाभळींच्या खालच्या फांद्यांना त्या लोंबत होत्या, काठावरच्या दगडांना गुंडाळलेल्या होत्या, गाळात अर्ध्या पुरलेल्या होत्या. गळ टाकला की पिशवीच लागायची. माझा नवरा प्रशांत धुळ्याचा. लग्नाआधी त्याने मासा फक्त ताटात पाहिला होता, पण आबांनी एकदा बरोबर बसवलं आणि त्याला वेड लागलं. त्या वर्षी त्याने मोठ्या हौशीनं चक्रीवाली फायबरची काठी मागवली होती. पहिल्याच दिवशी त्याची काठी अशी वाकली की आम्ही सगळे उठून उभे राहिलो. तो लाल होऊन चक्री फिरवतोय, त्याची धुळ्याची बोली तोंडातून बाहेर पडतेय, "मोठा शे आबा, भलता मोठा शे." पलीकडे नानाही उभे राहिले, गमछा हातात घेऊन तयार. बऱ्याच झटापटीनंतर बाहेर आली ती गाळानं गच्च भरलेली निळी पिशवी आणि तिच्यात अतिशय रागावलेला एक खेकडा. नानांचं हसणं नदीवरून इकडे ऐकू आलं. प्रशांतने खेकड्याला परत सोडलं आणि काठी पुसत बसला.

पहिल्या दिवशी आबाही हसले. पुढे मात्र त्यांचं हसू आटत गेलं. पिशव्यांमध्ये अडकून त्यांची दोरी तुटली, त्यांचा जुना, हाताला बसलेला गळ गेला. एका सकाळी लागोपाठ तिसरी पिशवी बाहेर ओढली आणि ते खुर्चीवरून उठले. वारा नेमका पडलेला. समोर नानांची बाग थेट नदीला येऊन टेकलेली, घडांवरच्या निळ्या पिशव्या इथून डोळ्यांना दिसत होत्या. आबांनी हाक मारली.

"सुपडू, तुह्या बागातला कचरा आवर. नदी नासवली तू."

पलीकडे नाना उठून उभे राहिले. मग त्यांनी दोरी गुंडाळली, डबा उचलला, गमछा डोक्याला बांधला आणि बागेत शिरले. आता तूही नीघ, अशी ती खूण नव्हती हे आम्हा सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही आले नाहीत. त्यांच्या बसायच्या दगडावर एक बगळा येऊन उभा राहायला लागला, आणि आबांना त्या बगळ्याचाही राग यायचा.

दिवाळीच्या सुट्टीसाठी मी गावी आले तेव्हा काठावर गमतीचं दृश्य होतं, आणि ते पाहून मला वाईटही वाटलं. आबांनी खुर्ची फिरवून घेतली होती. समोरचा काठ दिसणार नाही अशी, खालच्या अंगाला तोंड करून. दगडाचा चौथा पाय त्यामुळे नीट बसत नव्हता, ते सारखे डुगडुगत होते, पण खुर्ची सरळ करायला तयार नव्हते. मी विचारलं, नानांकडे गेला होतात का? म्हणाले, कशाला जाऊ, मासा लागला की जाईन. आणि मासा तर लागतच नव्हता. पाणी निवळून कितीतरी दिवस झाले होते, आसपासच्या गावांतली पोरंसोरंही शिंगाळे घेऊन घरी जात होती, आणि ज्यांचा हात बसलेला त्या आबांच्या दोरीला साधं टोचणंही नाही. आईनं एक दिवस भाकरी थापता थापता विचारलं, "तुमाले मासा लागत नाही का लागू द्यायचा नाही?" आबांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

मला तेव्हा खरोखर भीती वाटली होती. या वयात माणसं एकदा उठून गेली की सहज परत येऊन बसत नाहीत. आबांना दुसरं कुणी नव्हतं असं नाही. आई होती, आम्ही होतो, बाग होती. पण नदीपलीकडून 'लोटू' अशी हाक मारणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग ती सकाळ. प्रशांत म्हणाला, निदान गळ टाकण्यापुरती तरी जागा साफ करू. आम्ही दोघं गोण्या घेऊन काठावर वाकलो. पिशव्या उचलायच्या, झटकायच्या, गोणीत कोंबायच्या. एका पिशवीच्या तोंडाशी सुतळी तशीच होती. मी काही विचार न करता तिचं टोक ओढलं आणि गाठ सुटली.

गाठ सुटली ही काही मोठी गोष्ट नाही. पण केळीच्या पिशवीची गाठ अशी सुटत नसते. सगळीकडे तिला घट्ट निरगाठ मारतात आणि कापणीच्या वेळी विळ्यानं सुतळी कापतात. आमच्या बागेत मात्र फाशाची गाठ असते. टोक पुन्हा आत खोचलेलं, एकाच ओढीत मोकळी होणारी, म्हणजे सुतळी परत वापरता येते. ती आबांनी काढलेली गाठ आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक माणसाला पहिल्या दिवशी ती शिकावी लागते. मलाही मुळाक्षरांच्या आधी ती शिकवलेली. मी दुसरी पिशवी उचलली, टोक ओढलं, सुटली. तिसरी सुटली. माझा चेहरा पाहून प्रशांतनं विचारलं, "काय व्हयनं?" मी त्याला पुढची पिशवी दिली आणि ओढून बघ म्हटलं.

आमची बाग नदीपासून आत आहे. काठावरून ती दिसत नाही. पण तिच्या बांधालगत एक नाला आहे, आठ महिने कोरडा असतो, पावसाळ्यात भरून वाहतो आणि वळणाच्या वर तापीला मिळतो. घड कापला की पिशवी काढून नाल्यात टाकायची हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेलं. कापणीच्या घाईत कितीतरी पिशव्या गाठ न सोडता सुतळीसकटच ओढून फेकल्या जायच्या. पाऊस आला की नाला धुऊन निघायचा, आणि आबा त्याच्याकडे समाधानानं बघायचे. ते सगळं जातं कुठे, याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. नाल्यातून वाहून गेलेलं ते समोर नदीत बघत होते आणि ते दुसऱ्याचं आहे म्हणून खुशाल चिडत होते.

खरं सांगते, गोणीचं तोंड बांधून टाकावं आणि गप्प बसावं असं क्षणभर मनात आलं. सत्तरीच्या पुढच्या माणसाला त्याची चूक दाखवण्यात कसला आनंद. पण समोरचा रिकामा दगड दिसत होता. मी एक बांधलेली पिशवी घेतली, आबांजवळ गेले आणि न बोलता त्यांच्या हातात दिली.

त्यांचं लक्ष बुचाकडे होतं. हातात पिशवी आली तशी त्यांच्या बोटांनी सवयीनं टोक शोधलं, ओढलं, गाठ सोडली आणि मोकळी सुतळी दोन बोटांवर गुंडाळायला सुरुवात केली. बागेत करतात तसंच, पुन्हा वापरायला. दोन वेढे झाले असतील. मग बोटं थांबली. त्यांनी सुतळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग गोण्यांकडे.

"बठ्ठ्या आपल्याच?"

"सोडून पाहिल्या त्या तरी सगळ्या आपल्याच निघाल्या, आबा."

पाण्यात बगळ्यानं एक मासा टिपला, तोही आबांनी पाहिला नाही. मग त्यांनी दोरी ओढून घेतली. गळ बाहेर आला, उन्हात चकचकला. त्याला आमिष नव्हतंच. गांडूळ नाही, झिंगा नाही, कणकेची गोळी नाही. इतके दिवस ते नुसता उघडा गळ पाण्यात सोडून बसत होते. पहिला मासा लागला असता तर तो नानांकडे न्यावा लागला असता, आणि नानांकडे जायचं नव्हतं. रीतही मोडायची नव्हती. तेव्हा मासाच लागू द्यायचा नाही अशी त्यांनी वाट काढली होती. आईला ते घरात आपल्या चुलीपाशी बसून कळलं होतं, मला काठावर बसून कळलं नाही.

"गांडूळ दे," आबा म्हणाले आणि खुर्ची फिरवून समोर तोंड करून बसले.

पुढचे दिवस मोठे मजेचे गेले. ज्याला मासा नको होता त्याला आता मासा हवाच होता आणि मासा भाव खात होता. आबा पहाटे जायचे आणि उन्हानं तापून परत यायचे. दुपारी बागेत कापणीच्या टोळीवर उभे राहायचे, कारण त्यांनी हुकूम काढला होता की एकही पिशवी नाल्यात पडता कामा नये, सगळ्या गोणीत. टोळीची मुकादम भिकाबाई अनेक वर्षं आमच्याकडे येणारी, तिला आबांची भीती नाही. ती म्हणाली, आबा, आजवर सुतळी जपली, आता पिशव्याही जपायच्या, उद्या सालंबी घरी न्यायला लावसाल. आबांनी ऐकून घेतलं. हे नवलच, कारण आबा भिकाबाईचं कधी ऐकून घेत नाहीत. गोण्या भंगारवाल्याकडे गेल्या. नाला त्या वर्षी पहिल्यांदा नुसता नाला दिसला.

आई म्हणाली, मासा लागत नाही तर लाडू घेऊन जा, दिवाळीचं निमित्त आहे. आबा म्हणाले, लाडवाचं काम नाही. प्रशांतने हळूच सुचवलं, जळगावच्या बाजारात चांगला कटला मिळतो, नानांना काय कळणार. आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जावई काठी घेऊन लांबच्या दगडावर जाऊन बसला.

अखेर सुट्टी संपता संपता बूच बुडालं. आबांनी दोरी ओढली. टोकाला वळवळत होती एक वाम. वाम सापासारखी लांबट असते, चांगली हातभर होते. ही माझ्या बोटाएवढी होती. आईनं डब्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, "हा मासा हाये का तुमचं गांडूळच परत आलं?" आबा हसले नाहीत. ते दाढी करायला बसले.

पुलावरून आम्ही पलीकडे गेलो. केळीनं भरलेल्या ट्रकांच्या मागे गाडी रेंगाळत होती, डब्यातलं पाणी हिंदकळत होतं आणि आबा दोन्ही हातांनी झाकण धरून बसले होते. ओठ अधूनमधून हलत होते. काय बोलायचं ते घोकत असावेत. एवढ्याशा वामेसाठी एवढं गंभीर झालेलं माणूस पाहून मला हसू येत होतं. पण नानांनी दारातूनच परत पाठवलं तर काय, हा विचार मला पूल ओलांडेपर्यंत सोडत नव्हता.

नाना अंगणात ठिबकच्या नळ्या साफ करत बसले होते. मला म्हणाले, ये पोरी. आबांना काही म्हणाले नाहीत. आबांनी डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि झाकण काढलं. नानांनी वाकून पाहिलं, चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

"एवढाच?"

"एवढाच लागला," आबा म्हणाले. मग घोकलेलं सगळं विसरून सरळ बोलून टाकलं, "सुपडू, त्या पिशव्या माह्याच बागातल्या होत्या."

"मले माहीत हाये."

"कधीपासून?"

"कधीपासून काय. दरसाल माह्या काठाले लागतात, दरसाल मी उचलतो. तुही गाठ मले ओळखू येत नाही का?" नानांनी नळी खाली ठेवली. "तू कचरा म्हनला त्याचा राग नाही आला, लोटू. तुले तुही गाठ ओळखू आली नाही, त्याचा आला."

तेवढ्यात नानांची सून बाहेर आली. आबांना पाहून तिचा चेहरा जो उजळला तो मला आजही आठवतो. नमस्कार करायच्या आधी तिने विचारलं, "आबा, आता घेऊन जाता ना तुम्ही?" आम्हाला काही कळेना. नाना गुडघ्यावर हात टेकून उठले आणि गोठ्याकडे चालायला लागले. आम्ही मागोमाग गेलो.

गोठ्याच्या बाजूला म्हशींचा पाण्याचा हौद होता. त्याच्यावर जुनं जाळं अंथरून कडेला दगड ठेवले होते. नानांनी जाळं बाजूला केलं. तळाशी मनगटाएवढी जाड, काळीशार मरळ स्थिर पडून होती. आमची सावली पडली तशी वर आली, तोंड उघडून हवेचा एक घोट घेतला आणि परत खाली गेली. मरळ तशी चिवट, साठलेल्या पाण्यातही महिनोन्‌महिने जगते.

सुनेनं सगळं सांगून टाकलं. नदीवर भांडण झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी नाना वरच्या अंगाला जाऊन बसले होते आणि ही लागली. घरी आणली, सगळे खूश, मसाला वाटायला घेतला. नानांनी हात लावू दिला नाही. हौदात सोडली. तेव्हापासून म्हशींना सुनेनं बादल्या भरभरून पाणी पाजलं होतं, कारण हौद या पाहुणीनं अडवलेला.

"अरे, मग खायची होती," आबा म्हणाले.

"पहिला मासा होता," नाना म्हणाले. "तुहा हाये. मी कसा खाऊ?"

आबा हौदाच्या कठड्याला धरून उभे राहिले. डोळ्यांचं पाणी त्यांनी पुसलं नाही, लपवलंही नाही. थोड्या वेळानं विचारलं, हिला खायला काय घालत होता? नाना म्हणाले, कळण्याची भाकरी, आणि शिळी घातली तर खात नाही. मग दोघंही हसायला लागले, आणि हसताना नानांनी आबांच्या पाठीत एक गुद्दा घातला तो जरा जोरातच होता.

ती वाम रीतीप्रमाणे नानांच्या चुलीवर चढली. पातेलंभर काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि त्यात कुठेतरी एक वाम. कुणाच्या वाटीत ती आली ते शेवटपर्यंत कळलं नाही, सगळ्यांनी रस्साच भाकरीत कुस्करून खाल्ला आणि मासा फार चवदार होता असं सगळ्यांनी सांगितलं. मरळ बादलीत बसून आमच्याबरोबर पूल ओलांडून आली. घरी आईनं बादलीत पाहिलं. मरळीनं वर येऊन तिच्याकडे पाहिलं, भाकरीची वाट बघत असावी. "ही पाळीव हाये," आई म्हणाली, "हिच्यासाठी माही चूल नाही." चूल आबांची, निंबाखालची, पण त्या दिवशी आईनं ती आपली करून टाकली आणि आबांनी ते मानलं. सूर्य बुडायच्या आत आम्ही तिला नदीच्या डोहात सोडलं. तेव्हापासून कुणाची दोरी तुटली की आबा म्हणतात, तीच असेल, भाकरी मागत होती.

नदी एकदम स्वच्छ झाली असं काही मी सांगणार नाही. पिशव्या अजूनही येतात. आता आम्ही प्रत्येक पिशवीचं टोक ओढून बघतो. गाठ सुटत नाही, निरगाठ असते, म्हणजे आपली नाही. तरी उचलतोच. आबा आणि नाना दोघं मिळून वरच्या गावांमधल्या बागवाल्यांना भेटायला जातात, चहा पितात, पिशव्यांचा विषय काढतात. काही ऐकतात, काही चहावर भागवतात. प्रशांतला अजून मोठा मासा लागलेला नाही, पण त्याच्याकडे आता स्लीपरच्या बुचांचा चांगला साठा आहे.

परवा आबांचा फोन आला. नेहमीचं वाक्य आलंच नाही. म्हणाले, "पानी निवयलं असंन, पन मले नखं दिसत नाही. तू येऊन पाह्य." मोतीबिंदू वाढलाय, ऑपरेशन थंडीत करायचं ठरलंय. रविवारी मी गेले. चपला काठावर काढल्या आणि गुडघाभर पाण्यात उभी राहिले. गार होतं. तळाची रेती स्वच्छ दिसत होती, बारीक मासोळ्या पावलांना टोचत होत्या, आणि माझी नखं, नवरात्रातला लाल रंग अर्धवट उरलेली, दहाच्या दहा दिसत होती.

"दिसतात, आबा," मी म्हटलं.

त्यांनी गळ टाकला. समोर नानांनीही टाकला होता. सातपुडा आपल्या जागेवर होता, बगळा बिचारा दुसरीकडे गेला होता. बराच वेळ काही झालं नाही. मग पलीकडची काठी वाकली. नाना उभे राहिले, मागे झुकले, पाण्याला एक मोठा भोवरा पडला आणि काहीतरी चांदीसारखं उसळून काठावर आलं. नाना गमछा गरागरा फिरवायला लागले. आबांना एवढ्या लांबचं दिसत नव्हतं. त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"काय करू राह्यला सुपडू?"

"गमछा फिरवताहेत, आबा. मोठा दिसतोय."

आबांनी समाधानानं आपली दोरी गुंडाळायला घेतली.

"माहा मासा लागला," ते म्हणाले.